ए-5 : एका सरकारचा पैसा, दुसऱ्या सरकारचा रस्ता

जुलै 2007 मध्ये आर्मा येथे उत्तर-दक्षिण मंत्री परिषदेची, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड यांच्या मंत्र्यांच्या संयुक्त मंडळाची, बैठक झाली. आयर्लंड प्रजासत्ताकाचे सरकार सीमेपलीकडच्या, म्हणजे ब्रिटनच्या अखत्यारीतील उत्तर आयर्लंडच्या, दोन रस्त्यांसाठी 40 कोटी पौंड देणार यावर त्या बैठकीत शिक्कामोर्तब झाले. एक रस्ता उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्टहून लार्न बंदराकडे जाणारा ए-8, आणि दुसरा डेरीपासून स्ट्रबॅन, ओमा, बॅलीगॉली ही गावे घेत ऑक्नाक्लॉयजवळच्या सीमेपर्यंत उतरणारा ए-5. ए-8 चे रुंदीकरण 2015 मध्ये पूर्ण झाले. ए-5 ला समांतर सुमारे 85 किलोमीटरचा, मध्ये दुभाजक असलेला चौपदरी रस्ता मात्र अठरा वर्षांनंतरही कागदावरच होता आणि जून 2025 मध्ये बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने त्याच्या मंजुरीचा निर्णय तिसऱ्यांदा निष्प्रभ ठरवला.

पैसा कमी पडला, पुढारी कचरले, शेतकरी न्यायालयात गेले, अशी या प्रकरणाची कारणे सांगितली जातात. ती खरी आहेत, पण सुटी सुटी मांडली की मूळ दोष दिसत नाही. एका सरकारने दिलेला शब्द आणि दुसऱ्या सरकारच्या हाती असलेले मंजुरीचे अधिकार यांना बांधून ठेवणारा कोणताही करार या प्रकल्पात कधीच नव्हता. पैसा होता तेव्हा मंजुरी नव्हती. मंजुरीची वेळ आली तेव्हा पैसा आटला. आणि दोन्ही जुळून आली तोवर कायदा बदलला होता. सीमापार रस्त्याला सरकारी निधी देण्याची ही पद्धत नेमकी कुठे अडते हे ए-5 इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

डब्लिनला दुसऱ्याच्या हद्दीत रस्ता का हवा होता

नकाशा पाहिल्याशिवाय हा खर्च समजत नाही. आयर्लंड प्रजासत्ताकाच्या वायव्य टोकाला असलेला डॉनिगॉल परगणा उरलेल्या देशाशी फक्त एका चिंचोळ्या पट्टीने जोडलेला आहे. त्याची पूर्वेकडची जवळजवळ सगळी हद्द उत्तर आयर्लंडला लागून आहे. डॉनिगॉलमधील लेटरकेनीहून राजधानी डब्लिनला जाण्याचा सरळ मार्ग लिफर्ड येथे सीमा ओलांडतो, स्ट्रबॅनपासून ए-5 ने टिरोन परगण्यातून खाली येतो, ऑक्नाक्लॉयला पुन्हा सीमा ओलांडून मॉनहन परगण्यात एन-2 या आयर्लंडच्या महामार्गाला मिळतो आणि पुढे डब्लिनकडे जातो. म्हणजे आयर्लंडच्या नागरिकाला स्वतःच्या राजधानीला जाताना मधला मोठा टप्पा शेजारी राज्यातून पार करावा लागतो, आणि तो टप्पा कसा असावा हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या सरकारकडे नाही.

उत्तरेकडूनही गरज तितकीच खरी होती. पोर्टाडाउनहून ओमा आणि स्ट्रबॅनमार्गे डेरीला जाणारी रेल्वे 1965 मध्ये बंद झाली. त्यानंतर टिरोनच्या पश्चिम भागाला ना रेल्वे उरली ना द्रुतगती मार्ग मिळाला. अवजड वाहने, शेतीचे ट्रॅक्टर, शाळेच्या बसगाड्या आणि दूरचे प्रवासी हे सगळे एकाच दुपदरी रस्त्यावर येतात. त्याला दोन्ही बाजूंनी घरांची आणि शेतांची फाटके थेट उघडतात, आणि पुढे जाण्यासाठी समोरून येणाऱ्या वाहनांच्या मार्गिकेत शिरावे लागते. 2006 पासून या रस्त्यावर 50 हून अधिक माणसे अपघातात मरण पावली आहेत. बहुतेक गावांत कोणाच्या ना कोणाच्या घरातला माणूस त्यांत आहे. टिरोनमधील गेलिक, म्हणजे आयर्लंडच्या पारंपरिक, खेळांच्या संघटनेने पुढाकार घेऊन ‘आता पुरे’ अशा आशयाची मोहीम उभी केली, कारण तिच्या क्लबांतले तरुण खेळाडू याच रस्त्यावर गेले. या प्रकरणातील पैशांचे आणि तारखांचे सगळे हिशेब या मृत्यूंच्या शेजारी ठेवूनच वाचायला हवेत.

2007 : शब्द दिला गेला तो काळ

उत्तर आयर्लंडमधील दीर्घ हिंसक संघर्ष थांबवणाऱ्या 1998 च्या गुड फ्रायडे करारातून उत्तर-दक्षिण मंत्री परिषद जन्माला आली. पुढे उत्तर आयर्लंडचे मंत्रिमंडळ कोसळले आणि ऑक्टोबर 2006 च्या सेंट अँड्र्यूज कराराने मे 2007 मध्ये ते पुन्हा उभे राहिले. शांतता टिकवायची तर सीमेच्या दोन्ही बाजूंना विकास दिसला पाहिजे, असा त्या काळातील विचार होता. डब्लिनची तिजोरी तेव्हा भरलेली होती. 2007 ते 2013 या काळासाठीच्या आयर्लंडच्या राष्ट्रीय विकास आराखड्यात संपूर्ण बेटासाठीच्या सहकार्याला स्थान मिळाले होते आणि 40 कोटी पौंडांचे आश्वासन त्याच वातावरणात दिले गेले.

मात्र त्या आश्वासनाचे स्वरूप काय होते हे बारकाईने पाहायला हवे. रस्त्याची मालकी, आखणी, भूसंपादन, पर्यावरणीय मूल्यांकन आणि कंत्राट हे सर्व बेलफास्टमधील खात्याकडे राहणार होते. डब्लिनचा पैसा प्रकल्पाच्या ठरलेल्या टप्प्यांशी बांधलेल्या हप्त्यांनी उत्तरेच्या तिजोरीत यायचा होता. नियोजनाच्या काळातील काही हप्ते खरोखरच आले. पण मोठी रक्कम बांधकाम सुरू झाल्यावरच लागणार होती, आणि ती त्या त्या वर्षी डब्लिनच्या अर्थसंकल्पात मंजूर व्हावी लागणार होती. अशा वेळी प्रकल्पाला जितका उशीर होतो तितका तो देणाऱ्या सरकारच्या भावी परिस्थितीवर अवलंबून राहतो. घेणाऱ्या सरकारला त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नसते, कारण राजकीय बांधिलकी न्यायालयात बजावून घेता येत नाही.

प्रकल्पाची तयारी दरम्यान बऱ्यापैकी वेगाने चालली होती. 2009 मध्ये पसंतीचा मार्ग जाहीर झाला, 2010 च्या अखेरीस पर्यावरणीय अहवाल व मसुदा आदेश प्रसिद्ध झाले आणि 2011 च्या उन्हाळ्यात जनसुनावणी झाली. प्रकल्पाचा अंदाजित खर्च तोवर 80 कोटी पौंडांच्या वर गेला होता.

2011 : पैसा आटला

2008 च्या आर्थिक पडझडीत आयर्लंडच्या बँका आणि घरबांधणीचा फुगा दोन्ही कोसळले. नोव्हेंबर 2010 मध्ये त्या देशाला युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून 8,500 कोटी युरोंचा मदत कार्यक्रम स्वीकारावा लागला. त्यानंतर एका वर्षाने, नोव्हेंबर 2011 मध्ये, आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान एन्डा केनी यांच्या सरकारने भांडवली खर्चाचा फेरआढावा जाहीर केला आणि ए-5 साठीचा मोठा निधी पुढे ढकलला. त्याऐवजी 2015 आणि 2016 मध्ये प्रत्येकी 2.5 कोटी, असे एकूण 5 कोटी पौंड देण्याची तयारी दाखवली.

याला विश्वासघात म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला तो शब्द योग्य वाटत नाही. त्याच फेरआढाव्यात डब्लिनच्या स्वतःच्या मेट्रो नॉर्थ प्रकल्पालाही स्थगिती मिळाली होती. कर्जदात्यांच्या देखरेखीखाली असलेल्या सरकारने घरचे रस्ते थांबवून शेजाऱ्याचा रस्ता बांधावा अशी अपेक्षा करता आली नसती. खरा प्रश्न असा आहे की प्रकल्पाच्या जवळजवळ निम्म्या भाराची शाश्वती दुसऱ्या देशाच्या वार्षिक अर्थसंकल्पावर ठेवताना बेलफास्टमध्ये कोणी पर्यायी व्यवस्था का केली नाही. उत्तर आयर्लंडच्या मंत्रिमंडळाचा बहुतेक पैसा लंडनहून ठरलेल्या सूत्राने येतो आणि त्याची स्वतःची कर्ज काढण्याची मर्यादा तोकडी आहे. एवढी मोठी खिंडार ते स्वतः बुजवू शकणार नाही हे 2007 मध्येही माहीत होते.

फेब्रुवारी 2012 मध्ये बेलफास्टने मार्ग काढला. संपूर्ण रस्त्याऐवजी डेरीजवळचे न्यूबिल्डिंग्ज ते स्ट्रबॅन आणि ओमा ते बॅलीगॉली असे दोन तुकडे सुमारे 33 कोटी पौंडांत बांधायचे ठरले. जुलैमध्ये तत्कालीन मंत्री डॅनी केनेडी यांनी मंजुरी दिली. या निवडीतील एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. बॅलीगॉलीपासून ऑक्नाक्लॉयच्या सीमेपर्यंतचा तुकडा, म्हणजे दोन देशांचे रस्ते प्रत्यक्ष जोडणारा आणि डब्लिनच्या दृष्टीने कळीचा भाग, या टप्प्यात नव्हता. पुढील प्रत्येक आखणीतही तो शेवटीच राहिला. सीमेच्या दक्षिणेला एन-2 कोणत्या मार्गाने येणार हे निश्चित नसल्याने उत्तरेचा रस्ता नेमका कुठे संपवायचा हेच ठरत नव्हते. दोन्ही बाजूंच्या आखण्या एकाच वेळी पुढे सरकाव्यात अशी अट 2007 च्या निधीला घातली असती तर निदान ही अडचण वेळीच समोर आली असती.

2013 ते 2018 : न्यायालय, आणि मंत्री नसलेली खाती

शेतकरी आणि जमीनमालकांनी ‘पर्यायी ए-5 आघाडी’ स्थापन करून प्रकल्पाला उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यांची भूमिका समजून घेण्याची गरज आहे. नवा रस्ता जुन्या रस्त्याच्या शेजारून, पण बहुतांशी शेतजमिनीतून जाणार होता. कित्येकांची शेते मधोमध चिरली जाणार होती. जुनाच रस्ता सुधारावा, ठिकठिकाणी पुढे जाण्यासाठी जादा मार्गिका द्याव्यात आणि गावांना वळणरस्ते करावेत, असे त्यांचे म्हणणे होते. भूसंपादनाची नोटीस घरी आलेल्या कोणत्याही महाराष्ट्रीय शेतकऱ्याला हा युक्तिवाद परका वाटणार नाही.

मार्च 2013 मध्ये न्यायमूर्ती स्टीफन्स यांनी आघाडीचे बहुतेक मुद्दे फेटाळले, पण एक मान्य केला. फॉइल आणि फिन या नद्या युरोपीय अधिवास निर्देशाखाली, म्हणजे वन्यजीव व त्यांच्या अधिवासांच्या रक्षणाच्या युरोपीय संघाच्या नियमांखाली, संरक्षित आहेत आणि त्यांच्यावरील परिणामांचे या निर्देशाला अपेक्षित असलेले सविस्तर मूल्यांकन खात्याने केले नव्हते. एप्रिलमध्ये आदेश रद्द झाला. यंत्रे शेतात पोचू लागली होती. ती परत गेली. वर्षाच्या अर्थसंकल्पात राखून ठेवलेला पैसा वर्षात खर्च झाला नाही तर हातचा जातो, त्यामुळे मंत्रिमंडळाने त्यातील काही रक्कम ए-26 आणि मॅगराफेल्टचा वळणरस्ता अशा तयार प्रकल्पांकडे वळवली. ते रस्ते झाले. अर्थात, निधीची फट जशी डब्लिनकडून पडली तशीच ती बेलफास्टच्या स्वतःच्या वार्षिक हिशेबातूनही पडली, हे लक्षात ठेवायला हवे.

ब्रिटन व आयर्लंडची सरकारे आणि उत्तरेतील पक्ष यांच्यात नोव्हेंबर 2015 मध्ये झालेल्या ‘फ्रेश स्टार्ट’ कराराने डब्लिनची बांधिलकी पुन्हा लिहून काढली. आधीच्या 5 कोटी पौंडांत 2.5 कोटींची भर पडली आणि एकूण 7.5 कोटी पौंड 2017, 2018 आणि 2019 या तीन वर्षांत समान हप्त्यांनी देण्याचे ठरले. रक्कम मूळ आश्वासनाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी होती, पण तारखा स्पष्ट होत्या. दुर्दैवाने त्याच तारखांच्या काळात उत्तरेत सरकारच उरले नाही. जानेवारी 2017 मध्ये मंत्रिमंडळ कोसळले आणि तीन वर्षे कोणताही मंत्री नव्हता. नव्या जनसुनावणीनंतर नोव्हेंबर 2017 मध्ये खात्याच्या सचिवांनीच प्रकल्पाला मंजुरी दिली. या मंजुरीलाही न्यायालयात आव्हान मिळाले, आणि त्याचा निकाल प्रत्यक्षात दुसऱ्याच प्रकरणाने लावला. बेलफास्टजवळच्या एका कचरा-ज्वलन प्रकल्पाच्या खटल्यात 2018 मध्ये उच्च न्यायालयाने आणि नंतर अपील न्यायालयाने स्पष्ट केले की एवढ्या महत्त्वाचे निर्णय मंत्र्यांशिवाय सनदी अधिकारी घेऊ शकत नाहीत. नोव्हेंबर 2018 मध्ये ए-5 चा आदेश दुसऱ्यांदा रद्द झाला.

येथे निधीचा आराखडा आणि घटनात्मक वास्तव यांच्यातील दरी सर्वांत रुंद दिसते. 2017 ते 2019 हे हप्ते ठरवताना, मंजुरी देणारे मंत्रिमंडळच अस्तित्वात नसेल तर काय करायचे याचा विचार करारात नव्हता. उत्तर आयर्लंडच्या इतिहासात मंत्रिमंडळ कोसळणे ही अनपेक्षित घटना नाही. जिथे हा धोका उघड आहे तिथे पैसा ठरावीक वर्षांना बांधण्याऐवजी एखाद्या राखीव खात्यात ठेवून मंजुरीनंतर मोकळा करण्याची तजवीज करता आली असती.

ए-6 चे उदाहरण येथे उपयोगी पडते. बेलफास्ट आणि डेरी यांना जोडणारा हा रस्ता पूर्णपणे उत्तरेच्या हद्दीत आहे आणि त्याचा खर्चही तिथल्याच अर्थसंकल्पातून झाला. त्याचा काही भाग पाणथळ परिसर आणि पक्ष्यांच्या अधिवासाजवळून जात असल्याने त्यालाही न्यायालयात आव्हान मिळाले, विलंब झाला, तरीही तो उभा राहिला. डन्गिव्हनजवळचा टप्पा 2023 मध्ये खुला झाला. एकच खाते, तेच कायदे, तेच राजकारण, तरी निकाल वेगळा. दोन्ही रस्त्यांतील सर्व फरक निधीचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण मार्ग आणि भूभागही वेगळे आहेत. पण ए-6 ला प्रत्येक वेळी अडथळा आला तेव्हा पैसा आणि अधिकार एकाच टेबलावर होते, आणि त्यामुळे दुरुस्ती करून पुढे जाणे शक्य झाले.

2024 : 60 कोटी युरो

जानेवारी 2020 मध्ये मंत्रिमंडळ पुन्हा उभे राहिले तेव्हाच्या करारातही डब्लिनने 7.5 कोटी पौंडांचा उल्लेख कायम ठेवला. त्याच वर्षी डब्लिनमध्ये मिहॉल मार्टिन यांच्या सरकारने ‘शेअर्ड आयलंड’ (सामायिक बेट) उपक्रम सुरू केला आणि सीमापार कामांसाठी वेगळा निधी उभारला. आधी 2025 पर्यंत 50 कोटी युरो, आणि नंतर राष्ट्रीय विकास आराखड्यात 2030 पर्यंत 100 कोटी युरो, असा त्याचा आकार ठरला. 2007 च्या तुलनेत ही मोठी सुधारणा होती. सीमापार पैसा आता एखाद्या मंत्र्याच्या शब्दावर अवलंबून नव्हता, त्याला स्वतंत्र शीर्षक मिळाले होते आणि तो अनेक वर्षांसाठी बाजूला काढलेला होता.

फेब्रुवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळ पुन्हा थांबले आणि 3 फेब्रुवारी 2024 ला पुन्हा सुरू झाले. त्यानंतर जेमतेम अडीच आठवड्यांनी, 20 फेब्रुवारीला, डब्लिनने 80 कोटींहून अधिक युरोंचे सीमापार पॅकेज जाहीर केले, आणि त्यातील 60 कोटी युरो एकट्या ए-5 साठी होते. तेव्हाच्या दराने ही रक्कम सुमारे 51 कोटी पौंड होते. 2007 च्या आकड्यापेक्षा ती मोठी दिसते. पण मधल्या काळात प्रकल्पाचा अंदाज दुप्पट झाला होता. ऑक्टोबर 2024 मध्ये तो सुमारे 170 कोटी पौंड सांगितला जात होता. म्हणजे डब्लिनचा वाटा साधारण तीस टक्के, आणि उरलेले सत्तर टक्के बेलफास्टने लंडनच्या अनुदानातून उभे करायचे. रस्त्याला टोल नसल्याने तो वापरणाऱ्यांकडून काही परत येण्याचा प्रश्नच नव्हता.

याच पॅकेजमधील दुसरे एक काम समोर ठेवले की चित्र अधिक स्पष्ट होते. डाउन परगण्यातील वॉरेनपॉइंट आणि लाउथ परगण्यातील ओमीथ यांना जोडणारा नॅरो वॉटर पूल प्रत्यक्ष सीमेवर बांधायचा होता. 2013 मध्ये त्यासाठी युरोपीय निधीतील सुमारे 1.74 कोटी युरो मंजूर होते, पण निविदा अपेक्षेपेक्षा बऱ्याच वर आल्याने ते परत घेतले गेले आणि पूल अडला. 2024 च्या पॅकेजमध्ये त्याला 10 कोटींहून अधिक युरो मिळाले आणि जूनमध्ये बांधकामाला सुरुवात झाली. हा पूल लहान आहे, त्याच्या मंजुऱ्या आधीच हाती होत्या, आणि खर्चाचा मोठा भाग एकाच बाजूने उचलला. ए-5 च्या बाबतीत यातील एकही गोष्ट नव्हती.

पैशाची चर्चा चालू असताना नियमांची चौकटही बदलत होती. उत्तर आयर्लंडच्या विधिमंडळाने हवामान बदल कायदा केला आणि तो जून 2022 मध्ये अमलात आला. 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन हे त्याचे ध्येय आहे, आणि सरकारी खात्यांनी आपली कामे या उद्दिष्टांशी सुसंगत ठेवावीत असे बंधन त्याने घातले. 2020 नंतर नियोजन अपील आयोगापुढे झालेल्या सुनावणीचा बराच भाग याच प्रश्नावर खर्च झाला. 1 ऑक्टोबर 2024 रोजी पायाभूत सुविधा मंत्री जॉन ओ’डाउड यांनी प्रकल्पाला मंजुरी दिली. स्ट्रबॅन ते बॅलीगॉली हा टप्पा आधी हाती घेण्याचे ठरले. बॅलीगॉलीच्या खालचा सीमेपर्यंतचा तुकडा पुन्हा शेवटी ठेवला गेला.

2025 चा निकाल आणि निधीची अवस्था

23 जून 2025 रोजी न्यायमूर्ती मॅकअ‍ॅलिंडन यांनी मंजुरी रद्द केली. रस्ता बांधल्याने उत्सर्जनाची उद्दिष्टे कशी गाठली जातील याचा पुरेसा आधार खात्याने मांडलेला नव्हता आणि हवामान कृती आराखडा तर अजून अंतिमही झाला नव्हता, हा या निकालाचा गाभा. ज्यांनी या रस्त्यावर आपली माणसे गमावली त्यांना या निकालाने पुन्हा वेदना होतील याची जाणीव असल्याचे त्यांनी निकालात नोंदवले. मंत्री लिझ किमिन्स यांच्या खात्याने अपील दाखल केले. भूसंपादनाचे आदेशही मंजुरीबरोबर गेल्याने शेतकऱ्यांच्या जमिनींची मालकी पुन्हा प्रश्नात आली. डब्लिनने आपली बांधिलकी कायम असल्याचे सांगितले.

निकालाला मी चुकीचा म्हणणार नाही. कायदा विधिमंडळाने केला होता आणि मंत्रिमंडळाने तो पाळायचा होता. कायदा झाल्यापासून मंजुरीपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ हाती असूनही खात्याने उत्सर्जनाचा हिशेब जुळवून दाखवला नाही. पण ज्या विधिमंडळाने 2022 मध्ये हा कायदा केला त्याच विधिमंडळातील पक्ष ए-5 ला सर्वांत महत्त्वाचा प्रकल्प म्हणत होते, हे विसंगत आहे. कायद्यात एखादा आधीच ठरलेला मोठा प्रकल्प कसा मोजायचा याची तरतूद हवी होती, किंवा प्रकल्पाच्या बाजूने रस्त्याच्या उत्सर्जनाची भरपाई दुसरीकडे कशी होईल याचा आराखडा हवा होता. दोन्ही कामे टिरोनमधल्या कुटुंबांनी करायची नव्हती. ती बेलफास्टमधल्या कार्यालयांत व्हायला हवी होती.

याहून निराळी वाट डेन्मार्क आणि स्वीडन यांनी दाखवली आहे. ओरेसुंड पुलासाठी त्यांनी 1991 मध्ये आंतरसरकारी करार केला, तो दोन्ही संसदांनी मंजूर केला, संयुक्त मालकीची कंपनी काढली, तिच्या कर्जाला दोन्ही सरकारांनी हमी दिली, आणि टोलमधून कर्ज फेडण्याची योजना केली. पर्यावरणाच्या प्रश्नावर स्वीडनमध्ये वाद इतका पेटला की 1994 मध्ये तिथल्या पर्यावरण मंत्र्यांनी राजीनामा दिला, तरी करार टिकला आणि पूल 2000 मध्ये खुला झाला. ए-5 ला ही पद्धत जशीच्या तशी लागू होणार नाही, कारण ग्रामीण भागातल्या या रस्त्यावर टोल लावणे तिथल्या लोकांना अन्यायाचे वाटेल आणि लार्न किंवा बेलफास्टकडे जाणाऱ्यांना तो द्यावा लागत नाही. पण बंधनकारक करार आणि दोन्ही सरकारांच्या सहीचे एकच मंडळ या दोन गोष्टींना टोलची गरज नाही. 2007 मध्ये त्यांतली एकही झाली नाही आणि 2024 मध्येही झाली नाही. शेअर्ड आयलंड निधीने पैशाची शाश्वती वाढवली, अधिकारांची जोडणी केली नाही.

हे सगळे पाहता पुढच्या काळात एका आकड्याकडे लक्ष ठेवावे लागेल. डब्लिनचे 60 कोटी युरो ही ठरीव रक्कम आहे, खर्चाची टक्केवारी नव्हे. बांधकामाचे दर वाढतील तशी तिची किंमत कमी होत जाईल आणि वाढीव भार पूर्णपणे बेलफास्टवर पडेल. युरो आणि पौंड यांच्या दरातील चढउतारही त्याच बाजूला जाईल. 2010 च्या सुमाराचे 80 कोटी पौंड 2024 मध्ये 170 कोटी झाले, यावरून विलंबाची किंमत किती वेगाने वाढते ते दिसते. अपिलात खाते जिंकले तरी पहिल्या टप्प्याच्या निविदा नव्या दरांनी निघतील, आणि हरले तर हवामान कायद्याच्या कसोटीला उतरणारा नवा निर्णय, कदाचित नवी सुनावणीही, घ्यावी लागेल. दोन्ही परिस्थितींत डब्लिनशी करायची पहिली बोलणी हीच असायला हवी की त्याचा वाटा अंतिम खर्चाच्या ठरावीक प्रमाणात मोजला जाईल का, सीमेजवळच्या शेवटच्या तुकड्याची तारीख एन-2 च्या आखणीशी बांधली जाईल का, आणि मंत्रिमंडळ पुन्हा थांबले तर मंजूर झालेला पैसा कोणाच्या खात्यात थांबेल.